भूपाच्या गंधारावर निषाद कुठून येतो? कीबोर्डवरच्या ऑर्गनची नेहमीची तक्रार

"दादा, तुम्ही निषाद का लावताय?"

तालीम चालली होती. भूप रागातलं पद होतं, ज्यात निषाद नसतोच, आणि गायिका ठेका चालू असतानाच थांबून मला विचारत होती. मी निषाद लावलाच नव्हता. उजव्या हाताचं एकच बोट, एकाच पट्टीवर, आणि ती पट्टी गंधाराची. तबलजींनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "येतोय खरा निषाद."

त्या दिवशी मी कीबोर्डला दोष दिला, स्पीकरला दिला, हॉललाही दिला. घरी येऊन तासभर एकच पट्टी दाबून बसलो तेव्हा कुठे भानगड कळली. त्यानंतर हीच तक्रार मी निरनिराळ्या शब्दांत ऐकत आलोय. कुणी म्हणतं ऑर्गन गढूळ वाजतो, कुणी म्हणतं चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं, कुणाला सूर बरोबर असूनही बेसूर वाटतं. गणेशोत्सव जवळ आला की हमखास दोन-तीन फोन येतात. कारण जवळजवळ दरवेळी तेच निघतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

हे मुख्यतः नाट्यसंगीताची साथ करणाऱ्यांसाठी आहे. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून ऑर्गनचा नाद आपल्या कानात बसलाय, पण पायाने भाता मारायचा खरा ऑर्गन आता किती जणांकडे उरलाय? ज्यांच्याकडे आहे ते तो तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात चढवायला तयार नसतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. मग कीबोर्डवरचा 'ऑर्गन' लावला जातो. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण कीबोर्डवर ऑर्गन म्हणून जे असतं ते बहुतेक वेळा आपल्या ऑर्गनचं नातेवाईकसुद्धा नसतं.

आपला ऑर्गन म्हणजे पितळी सुरांचा, हवेने थरथरणाऱ्या पितळी जिभांचा (रीड्सचा). पेटीत भात्यातली हवा सुरांमधून बाहेर ढकलली जाते, तर अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्ये ती सुरांमधून आत ओढली जाते. त्याचा आवाज पेटीपेक्षा मऊ का, याचं एक मोठं कारण हे. कीबोर्डवर नऊ सरकपट्ट्या, म्हणजे ड्रॉबार, असलेला जो ऑर्गन दिसतो तो मात्र लॉरेन्स हॅमंड नावाच्या अमेरिकन माणसाने १९३५ साली बाजारात आणलेल्या विजेच्या ऑर्गनची नक्कल असतो. त्यात ना सूर, ना भाता. लोखंडी दातेरी चकत्या चुंबकापाशी फिरतात, प्रत्येक चकतीतून एक साधा, जवळजवळ बासरीइतका निर्मळ स्वर निघतो, आणि असे नऊ स्वर कमी-जास्त मिसळून वाजवणारा आपला रंग तयार करतो. त्याच्या बी-३ या मॉडेलमध्ये अशा ९१ चकत्या होत्या. आजच्या कीबोर्डमध्ये चकत्या नसतात, पण हिशेब सगळा त्यांचाच असतो.

आता ड्रॉबारवरचे आकडे बघा. १६, ५ १/३, ८, ४, २ २/३, २, १ ३/५, १ १/३, १. हे फूट आहेत, पाइप ऑर्गनच्या नळ्यांच्या लांबीवरून आलेले. लांबी निम्मी झाली की स्वर एक सप्तक वर जातो. ८ म्हणजे दाबलेल्या पट्टीचाच स्वर. १६ म्हणजे त्याच्या खालचं सप्तक, ४ म्हणजे वरचं. पेटीवाल्यांना हे वेगळं शिकवायला नको: १६ हा खर्ज, ८ हा नर, ४ ही मादी. तीन सुरांच्या पेटीत जे असतं तेच. २ आणि १ म्हणजे आणखी वरची दोन सप्तकं.

इथपर्यंत सगळं घरचं. घोटाळा अपूर्णांकांत आहे.

५ १/३ हा ड्रॉबार ओढला की दाबलेल्या पट्टीचा पंचम वाजतो. २ २/३ वर त्याच्या वरच्या सप्तकातला पंचम, १ १/३ वर आणखी वरचा. आणि १ ३/५ वर दोन सप्तकं वरचा शुद्ध गंधार. हे नाव त्या पट्टीला सा मानून आहे, तुमच्या पदातल्या सा ला नव्हे. म्हणजे तुम्ही सा वाजवला तर त्याच्यासोबत प वाजतो. रे वाजवला तर ध. प वाजवला तर वरचा रे. ध वाजवला तर ग. भूपात हे सगळे स्वर आहेत, म्हणून कान तक्रार करत नाही. पण ग वाजवलात की त्याचा पंचम कोण? निषाद. भूपात जो अजिबात नको तोच, आणि तोही वादी, म्हणजे रागाच्या मुख्य स्वरावर. गायिकेला चार स्वरांवर काही खटकलं नाही आणि पाचव्यावर ती थांबली, ते यामुळे.

मालकंसात याहून वाईट. तिथे पंचम वर्ज्य, आणि तुम्ही सा ला हात लावलात की पंचम हजर. तानपुरा मध्यमाचा लावलाय, गायक डोळे मिटून सा लावतोय, आणि शेजारून ऑर्गन 'प' म्हणतोय. १ ३/५ उघडा असेल तर तर विचारूच नका, कोमल गंधाराच्या रागात सा वर शुद्ध गंधार.

यावर एक शंका हमखास येते: कुठल्याही नैसर्गिक स्वरात पंचमाचे, गंधाराचे अंश असतातच, तानपुऱ्याच्या खर्जातून तर गंधार स्वयंभू ऐकू येतो, मग ऑर्गननेच काय पाप केलं? शंका रास्त आहे. फरक प्रमाणाचा आहे. पितळी सुरात हे अंश मूळ स्वराच्या पोटात असतात, कान ते वेगळे काढत नाही, त्यांना 'रंग' समजतो. ड्रॉबारवर तुम्ही तो अंश मूळ स्वराइतका, कधी त्याहून मोठा करू शकता. मग तो रंग राहत नाही, दुसरा स्वर होतो. ५ १/३ ची गोष्ट आणखी निराळी. तो ८ फुटी स्वराचा अंश नाहीच, तो १६ फुटी स्वराचा तिसरा अंश, म्हणजे त्याच्या तिप्पट कंपनांचा स्वर आहे. १६ मोठा असेल तर तो त्याच्या आडोशाला राहतो. पुष्कळजण मात्र 'खर्ज फार घुमतो' म्हणून १६ आत ढकलतात आणि ५ १/३ तसाच ठेवतात. आडोसा गेला, पंचम उघड्यावर आला.

कंपनीने भरून दिलेल्या ऑर्गनांत हा ड्रॉबार बहुधा पूर्ण ओढलेला असतो, कारण ते जॅझसाठी जुळवलेले असतात. पहिले तीन ड्रॉबार पूर्ण बाहेर, बाकी सगळे आत, ही जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथच्या वादनाने गाजलेली जुळवणी. तिथे ती शोभते. आपल्या पदाला नाही.

तपासायचं कसं? कीबोर्ड हेडफोनवर लावा. सगळे ड्रॉबार आत, फक्त ८ पूर्ण बाहेर. मधला ग दाबून धरा. आता एकेक ड्रॉबार हळूहळू ओढा आणि परत ढकला. १६, ४, २, १ वर आवाज भरेल किंवा चमकेल, स्वर तोच राहील. ५ १/३ ओढा, निषाद डोकं वर काढेल. एकदा असा सुटा ऐकला की पुढे आयुष्यभर ओळखू येतो. ज्यांच्या कीबोर्डवर खरे ड्रॉबार नाहीत आणि पडद्यावर नुसते आकडे दिसतात त्यांनाही हे करता येतं, वेळ जास्त लागतो एवढंच. रंगीत ड्रॉबार असतील तर लक्षात ठेवणं सोपं: पांढरे चारही पूर्णांकाचे, काळे तिन्ही अपूर्णांकाचे. तपकिरी दोघांपैकी पहिला आपला, दुसरा परका.

मग फक्त पांढरे आणि १६ ठेवले की झालं का? नाही. करून बघा, आवाज पोकळ येतो, थंड, बासरी आणि शिट्टीच्या मधला. सुराच्या ऑर्गनमध्ये जो किंचित नाकातला गोडवा असतो तो तिसऱ्या अंशाशिवाय येत नाही. म्हणून २ २/३ थोडासा लागतोच. थोडासा म्हणजे किती, इथे आकड्यांचा उपयोग होतो. प्रत्येक ड्रॉबारला ० ते ८ अशा पायऱ्या असतात आणि एक पायरी साधारण ३ डेसिबलची. ८ वरचा ड्रॉबार ५ वर आणला तर तो ९ डेसिबलनी उतरतो, २ वर आणला तर १८ डेसिबलनी. मूळ स्वर ८ वर असताना २ २/३ दोनावर ठेवला तर तो रंग देतो, स्वर म्हणून वेगळा ऐकू येत नाही. चारावर नेला की निषाद परत.

माझी सुरुवातीची जुळवणी अशी असते: ३० ८५२२ ०००. म्हणजे १६ तीनावर, ५ १/३ बंद, ८ पूर्ण, ४ पाचावर, २ २/३ आणि २ दोनावर, शेवटचे तिन्ही बंद. पुरुष गायकाला हे बहुतेक चालतं. गायिका काळी चारात (चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) किंवा त्याच्या वर गात असेल तर ४ फुटी मी तिनावर आणतो, नाहीतर मादीचा सूर तिच्या आवाजावर जाऊन बसतो आणि पहिल्या रांगेतल्यांना शब्द कळत नाहीत. मालकंस आला की २ २/३ एकावर. हे आकडे म्हणजे वेदवाक्य नव्हे, तुमच्या कीबोर्डचा आवाज वेगळा असू शकतो. पण एक चूक करू नका: आवाज कमी पडतोय म्हणून सगळे ड्रॉबार सारख्याच पायऱ्यांनी ओढत बसू नका. सगळे चारावर आणि सगळे आठावर यांत रंग तोच असतो, आवाज तेवढा वाढतो. त्यासाठी व्हॉल्यूमची कळ आहे.

१ ३/५ चं एक वेगळं दुखणं सांगायलाच हवं, कारण ते कानाला लागतं पण सापडत नाही. तानपुऱ्यातून येणारा गंधार मूळ स्वराच्या बरोबर पाचपट कंपनांचा असतो. ऑर्गनचा गंधार कीबोर्डच्या समान अंतराच्या सप्तकातून उचललेला असतो, आणि तो तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा चढा असतो. काळी एकचा मधला सा २७७ हर्ट्झ धरा. त्याची पाचपट साधारण १३८६. ड्रॉबारचा गंधार मात्र १३९७ ला बसतो. दोघांमध्ये ११ चं अंतर, म्हणजे सेकंदाला अकरा हेलकावे. सा धरून ठेवलात की वर कुठेतरी काहीतरी बारीक थरथरतं आणि सगळे एकमेकांना विचारतात, तानपुरा उतरलाय का? तानपुरा ठीक असतो. १ ३/५ बंद करा.

ड्रॉबार नीट लावूनही निषाद येतच असेल तर 'पर्कशन' बघा. इथे माझाही एकदा पुरता मामा झालाय. ऑर्गनमधलं पर्कशन म्हणजे तबला-ढोलकी नव्हे. पट्टी दाबल्याबरोबर 'टक्' करून विरणारा एक जादा स्वर असतो. त्याला दोन पर्याय असतात, दुसरा अंश आणि तिसरा अंश. दुसरा म्हणजे वरचं सप्तक. तिसरा म्हणजे पंचम! ड्रॉबारमधून हाकललेला पाहुणा या दाराने आत येतो. पर्कशन बंदच ठेवा. ते चालू असल्याची आणखी एक खूण: सुट्या स्वरांना टक् येतो, पण तान घेतली की फक्त पहिल्या स्वराला येतो आणि पुढे गायब. लोक म्हणतात पट्ट्या खराब झाल्या. झालेल्या नसतात. मूळ हॅमंडमध्येच अशी सोय आहे की सगळ्या पट्ट्या सुटल्याशिवाय टक् पुन्हा वाजत नाही, आणि कीबोर्डवाल्यांनी ती इमानाने उचलली. पर्कशन लावलं की १ फुटी ड्रॉबार गप्प होतो, तेही त्यातलंच.

पट्टी दाबताना 'की क्लिक' नावाचा एक बारीक खरखरीत आवाजही असतो. हॅमंडच्या लेखी तो दोष होता, पुढे वाजवणाऱ्यांनाच आवडला म्हणून आता तो मुद्दाम घालतात. आपल्याला तो शून्यावर हवा. पितळी सूर हवा लागल्यावर किंचित सावकाश बोलतो. 'अटॅक', म्हणजे स्वर उमटायला लागणारा वेळ, बदलायची सोय असेल तर ती अगदी कणभर वाढवा. फार वाढवलीत तर द्रुत तानेत स्वर मागे पडतील.

आता थरथर. 'ऑर्गन आपोआप हलायला लागतो' ही तक्रार म्हणजे रोटरी स्पीकरचा परिणाम. डॉन लेस्लीने बनवलेल्या स्पीकरमध्ये खरोखर कर्णे फिरायचे, हळू चालीत सेकंदाला एका फेऱ्याहून कमी, जलद चालीत सहा-सात फेरे. कीबोर्ड त्याची नक्कल करतो. जलद चाल लागली की तुमचा प्रत्येक स्वर सेकंदाला सहा-सात वेळा हलतो, आणि गायकाचं आंदोलन, गमक, काही काही उरत नाही. बंद करा. पूर्ण बंद होत नसेल तर 'ब्रेक' किंवा 'स्टॉप'वर ठेवा. हे आपोआप का लागतं? बहुतेक वेळा डावीकडच्या मॉड्युलेशन चाकाला कोपर लागलेलं असतं. काही कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज निवडला की सस्टेन पेडलसुद्धा रोटरीचा वेग बदलायला लागतं. पायाने भाता मारायच्या सवयीने पाय पेडलवर जातो आणि ऑर्गन गिरक्या घेतो. कोरस-व्हायब्रेटोची कळ (व्ही-१ ते सी-३) तिचीही हीच गत, बंद.

मग उठाव कुठून आणायचा? पट्टी जोरात दाबून तर ऑर्गनचा आवाज वाढत नाही, तो गुण पियानोचा. खऱ्या ऑर्गनमध्ये उठाव पायातून यायचा, इथेही पायातूनच आणायचा. पायाने आवाज कमी-जास्त करणारं एक्स्प्रेशन पेडल घ्या, ते नसेल तर बाकी जुळवणी करून फारसा फायदा नाही असं माझं मत आहे. समेला किंचित दाब, गायक आलाप घेताना पाय मागे. पेडल दाबल्यावर आवाज कमी होत असेल तर पेडल बिघडलेलं नाही: निरनिराळ्या कंपन्या आतल्या तारा वेगवेगळ्या जोडतात. कीबोर्डमध्ये 'पोलॅरिटी' उलटी करून बघा, किंवा पेडलच्या पोटाखाली छोटी कळ आहे का ते बघा. आणि किमान पातळी शून्यावर ठेवू नका. हॅमंडचं पेडलही आवाज पूर्ण मिटवत नसे. शून्य झालं की साथ तुटल्यासारखी वाटते.

तालमीत चांगला वाटलेला आवाज कार्यक्रमात गढूळ झाला तर ड्रॉबारला हात लावण्याआधी साउंडवाल्याकडे जा. काळी एकच्या मंद्र सा वर १६ फुटी ड्रॉबार ६९ हर्ट्झला वाजतो, डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या अगदी शेजारी. त्यात साउंडवाल्याने खालचा आवाज चढवलेला असला की दोघांचं मिळून पिठलं होतं. त्याला ऑर्गनच्या वाहिनीवर खालचं कापायला सांगा, नाही ऐकलं तर १६ एकावर आणा. दुसरं, कीबोर्डमधून एकच वायर काढत असाल तर ती डाव्या बाजूच्या, 'मोनो' लिहिलेल्या भोकात हवी. उजव्यातून काढली की स्टिरिओचा अर्धाच भाग बाहेर जातो आणि आवाज पोकळ येतो.

तार सप्तकात अचानक रंग बदलतो, ही तक्रार मुख्यतः १ फुटी ड्रॉबार उघडा ठेवणाऱ्यांची. ९१ चकत्या संपल्या की ऑर्गन वरचा स्वर देऊच शकत नाही, मग त्याच्या खालच्या सप्तकातला देतो. काळी एकमध्ये हे तार मध्यमाच्या पुढे सुरू होतं. ड्रॉबार बंद, प्रश्न बंद.

जाता जाता एक गंमत. परदेशातून खराखुरा जुना चकत्यांचा ऑर्गन इथे आणण्याची हौस कुणाला असेल तर थांबा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, आणि त्या ऑर्गनची मोटर विजेच्या तालावर फिरते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हा ताल बदलत नाही. मोटर सहाऐवजी पाचाच्या प्रमाणात फिरणार, म्हणजे आख्खा ऑर्गन कोमल गंधाराएवढा उतरणार, तोही ६:५ चा शुद्ध श्रुतीतला कोमल गंधार. पांढरी एक दाबा, पांढरी सहाच्याही किंचित खाली ऐकू येईल. तानपुऱ्याशी जमवायला शास्त्रीय विनोद म्हणून उत्तम.

शेवटची गोष्ट, कारण हीच तक्रार पुन्हा पुन्हा येण्याचं खरं कारण ही आहे. ड्रॉबार लावले, आवाज सुंदर झाला, मध्यंतरात कुणीतरी बोर्डाचं बटण बंद केलं, आणि दुसऱ्या अंकात निषाद परत. नुसते ड्रॉबार हलवून जुळवणी कीबोर्डच्या स्मरणात राहत नाही. 'राइट' किंवा 'स्टोअर' दाबून ती रिकाम्या जागेत साठवावी लागते. साठवलेली जुळवणी नंतर उघडलीत तर ड्रॉबारच्या दांड्या मात्र जुन्याच जागी असतात, पडद्यावरचे आकडे वेगळे. तेवढ्यात एखाद्या दांडीला बोट लागलं की आवाज उडी मारतो. सेटिंगमध्ये 'कॅच' किंवा 'पिकअप' असेल तर ते लावा, म्हणजे दांडी साठवलेल्या आकड्यापर्यंत पोचल्याशिवाय काही बदलत नाही. तशी सोय नसेल तर मी करतो ते करा: दांड्यांच्या वर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने ३० ८५२२ ००० लिहा, आणि पडदा उघडण्याआधी दांड्या हाताने त्या आकड्यांवर आणून ठेवा.